काट्याला तेल घालू नये

भिवंडीजवळच्या दापोड्यात वजन म्हटलं की ते टनांत. माणकोली नाक्यावरून आत वळलात की दोन्ही अंगांना गोदामं, गोदामांपुढे ट्रेलर, ट्रेलरखाली सावली धरून झोपलेले ड्रायव्हर आणि या सगळ्यांच्या मधल्या फटींत उरलेलं गाव. मुंबईला जकात होती, इथे नव्हती. नाशिकचा हायवे उशाला, न्हावाशेवा बंदर टप्प्यात. एवढ्या कारणावरून दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या भातशेतीच्या गावांत देशभराचं सामान मुक्कामाला आलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, सामान काही गेलं नाही. त्यामुळे इथल्या पोराला टन म्हणजे किती हे कुणी शिकवत नाही. ट्रक वजनकाट्यावर चढतो, केबिनमधला मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता पावती देतो आणि काटा दहा-दहा किलोंच्या पायऱ्यांनी बोलतो. दहा किलोंच्या आतलं काहीही, म्हणजे चाकांचा चिखल, मागे बांधलेला पाण्याचा कॅन, क्लीनरने नुकतीच खाल्लेली मिसळ, हे त्याच्या हिशेबी नसतंच.

अशा गावात एक दशांश ग्रेन तोलणारा तराजू येऊन पडला. एक ग्रेन म्हणजे साधारण पासष्ट मिलिग्रॅम. त्याचा दहावा भाग साडेसहा. वजनकाट्याची एक पायरी आणि या तराजूची एक रेघ यांत पंधरा लाख पटींचा फरक. मी हा हिशेब कागदावर करून दाखवला तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, म्हणजे हा खराबच आहे ना? एवढं बारीक कशाला दाखवतोय?"

पुतण्याचा धंदा रिटर्न मालाचा. लोक घरबसल्या वस्तू मागवतात, दोन दिवस वापरतात, परत पाठवतात. त्या परत आलेल्या खोक्यांचे ढीग कुणीतरी ठोक भावात उचलतो, त्याच्याकडून आमचा पुतण्या उचलतो. खोकी न उघडता घ्यायची असतात. मिक्सर म्हणून आणलेल्या खोक्यात कधी मिक्सर असतो, कधी दुसऱ्याच मिक्सरचं झाकण असतं, एकदा नुसतं माहितीपत्रक निघालं होतं आणि तेही ओव्हनचं. या खेपेला निघाला तो बिडाचा हिरवा पाया, त्याच्या टोकाला उंच-सखल करायचा स्क्रू, वीतभराहून थोडी मोठी दांडी, दांडीवर खाचा, खाचांवर सरकती वजनं आणि एका बाजूला तार घालून टांगायचं तळहाताएवढं पारडं. परत पाठवण्याचं कारण चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'चालू होत नाही. चार्जर मिळाला नाही.'

मला मात्र तो पाहताक्षणी माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. सबंध नोकरी मी एका कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली. तिथले तराजू काचेच्या कपाटात राहायचे. वजनं चिमट्याने उचलायची, पारड्यात काही ठेवण्याआधी कळ फिरवून दांडी जखडायची, दार लावून मगच काटा बघायचा, हे नियम भिंतीवर इंग्रजीत आणि माझ्या तोंडी मराठीत असत. मुलं दोन्ही वाचत नसत. वजनपेटीतलं वीस मिलिग्रॅमचं वजन प्रत्येक बॅच हरवायची. ॲल्युमिनियमचा तो पापुद्रा शिंकेने उडतो आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांना शिंका फार येतात. सांगायचं ते हे, की तराजू जपणं म्हणजे तराजूचं काही करणं नव्हे. तराजूपासून माणसांना लांब ठेवणं, एवढंच ते काम आहे. बाकीचं सगळं त्याच्या तपशिलात येतं.

पुतण्याला आधी हा तराजू कशाचा ते कळायला हवं होतं. अमेरिकेत आणि आणखी काही देशांत नेमबाजीचे नादिष्ट लोक झाडलेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं फेकत नाहीत. घरी बसून त्यात नवी दारू भरतात, नवी गोळी बसवतात. दारू किंचित कमी-जास्त झाली की गोळीचा वेग बदलतो आणि नेम हलतो. फारच जास्त झाली तर बंदूकच फुटते, आणि ती फुटते तेव्हा तिच्या मागच्या बाजूला डोळा लावून बसलेला माणूस असतो. म्हणून हा बारकावा. गोळीचं वजनही तिकडे ग्रेनमध्ये सांगतात आणि दारूचंही. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा दाणा. ग्राम-किलो सगळ्या जगाने घेतले, या मंडळींनी जवाचा दाणा सोडला नाही.

हे ऐकून पुतण्याचे डोळे चमकले, ते मला ताबडतोब विझवावे लागले. आपल्याकडे परवान्यावाचून काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा बनवणं, आणि शस्त्र अधिनियम १९५९ ला ते अजिबात खपत नाही. काडतुसं भरायला खडकीचा कारखाना १८६९ पासून बसलेला आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा आहे. त्यांना दापोड्यातून मदतीची अपेक्षा नाही. पुतण्याने मग स्वप्नील कुसाळेचं नाव काढलं. कांबळवाडीच्या या पोराने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक मिळवलं, आणि तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. भिवंडी रोड स्टेशनही मध्य रेल्वेतच येतं, एवढ्या धाग्यावर पुतण्या त्याला नात्यातला धरतो. मी सांगितलं, त्या स्पर्धेतल्या काडतुसाची ठिणगी बुडाच्या कडेत असते. एकदा झाडलं की ते नळकांडं भंगारातच जातं, पुन्हा भरता येत नाही. म्हणजे पदकाला या तराजूची गरज पडलेली नाही. फार तर एअर रायफलचे छर्रे घे, अर्ध्या ग्रॅमचे असतात, सारख्या वजनाचे निवडून वेगळे काढ. तर एअर रायफल नाही. जत्रेत फुगे फोडल्याचा अनुभव आहे, तोही चुलतभावाच्या पैशांनी.

तरी तराजू विकायचा नाही असं ठरलं, कारण तो कुणी घेईना. आणि घरात एखादी निरुपयोगी वस्तू ठाण मांडून बसली की तिच्याविषयी मत असलेली माणसं दारात यायला लागतात.

पहिले आले ते आमच्या आळीतले जुने कंपाउंडर. तराजूवर छापलेला ग्रेन शब्द वाचून ते एकदम तरुण झाले. पूर्वी डॉक्टर औषध ग्रेनमध्येच लिहून देत आणि हे पुड्या बांधत. ॲस्पिरिनची गोळी ३२५ मिलिग्रॅमची का असते, ३०० ची सरळ का नाही, हे कोडं त्यांनी मला उभ्या-उभ्या सोडवून दिलं: पाच ग्रेनचे मिलिग्रॅम तेवढेच होतात. सगळी दुनिया दशमानावर आली, डोकेदुखी मात्र अजून जवाच्या दाण्यांनी उतरते. जाताना ते म्हणाले, "पारडं फुंकू नका हो, फुंकरीतली वाफ बसते त्यावर." या तराजूजवळ येऊन शहाणपणाचं बोललेला हा एकच माणूस, आणि त्यांनी ते बोलून झाल्यावर सवयीने फुंकर घातली.

दुसरे भिवंडीच्या बाजारपेठेतले आमचे सोनार. त्यांनी दांडी न बघता पहिलं विचारलं, "एकशेऐंशी बरोबर दाखवतो का?" एकशेऐंशीच का? तर कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा बांधून दिला आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा केला, आपल्या मापाने ११.६६ ग्रॅमचा. रुपया हेच वजन आणि वजन हाच रुपया. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. एक गुंज पावणेदोन ग्रेनच्या किंचित वर. इंग्रजांनी जवाने तोललं, आपण गुंजेने. जव खाता येतो, गुंज विषारी असते, यावरून सोनं तोलणाऱ्यांच्या वृत्तीविषयी काही काढता येईल, पण सोनार समोर बसले होते.

त्यांचा प्रश्न मात्र पक्का होता. तराजू बरोबर आहे का हे बघायला भरवशाचं एक वजन लागतं, आणि इथे ते सरकारनेच खिशात घालून ठेवलेलं आहे. माझ्याकडे आजीचा राणीछाप रुपया होता. तो पारड्यात टाकला, सरकती वजनं हलवली, दांडी डुलत-डुलत स्थिरावली: १७७. सोनार म्हणाले, तराजू चांगला आहे. तीन ग्रेन आजीच्या कनवटीला घासून गेले. मग पुतण्याने आपल्या खिशातले रुपये काढले. १९९२ नंतरचा मोठा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा, म्हणजे ७५ ग्रेनच्या आत-बाहेर. २०११ पासूनचा ३.७९ ग्रॅमचा, साडेअठ्ठावन. २०१९ चा ३.०९ ग्रॅमचा, ४८ ला थोडा कमी. रुपया घसरल्याची बातमी मी कित्येक वर्षं वाचतो आहे; ती डोळ्यांदेखत दांडीवर घसरताना त्या दिवशी बघितली. सोनारांना त्यात काही नवल वाटलं नाही. ते म्हणाले, तोळा तरी कुठे जागेवर राहिला? कायद्याने तोळा केव्हाच गेला, तरी लग्नाच्या बैठकीत अजून तोळ्यातच बोलणी होतात, फक्त आता तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. मधले एक पूर्णांक सहासष्ट शतांश ग्रॅम मुलीकडच्यांनी गिळले की मुलाकडच्यांनी सोडले, यावर अजून एकही लग्न मोडलेलं नाही, आणि मानपानाच्या टॉवेलवरून मोडलेली त्यांनी पाहिली आहेत.

तराजू चांगला निघाला. आता त्याला ठेवायचा कुठे? लिहायला सोपं वाटतं: सपाट, स्थिर, वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा बघावी. दापोड्यात अशी जागा बघायला निघालो तेव्हा कळलं की आपण कुठे राहतो. टेबलावर ठेवला तर रस्त्यावरून चाळीस टनी ट्रेलर जाताना दांडी मान डोलवायची. ट्रेलर गेला की थांबायची, की पुढचा ट्रेलर. आमच्या रस्त्यावर दोन ट्रेलरांमध्ये वजन करण्याएवढा वेळ मिळतो तो फक्त पुढे जाम लागला तर. ट्रॅफिक जामचा असा फायदा असतो हे मी प्रथमच पाहिलं. मग स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा ओटा. दगड जड, हलत नाही, पण ओटा पाणी वाहून जावं म्हणून सिंककडे उतरता केलेला असतो. आमच्या घरातली सगळ्यात सपाट म्हणून वाखाणलेली वस्तू मुद्दाम तिरपी आहे, हे पाणसळ लावल्यावर कळलं. पायाखालचा स्क्रू फिरवून तिरपेपणा काढता येतो, काढलाही, पण वहिनींनी संध्याकाळी भाकरीसाठी ओटा मागितला. त्यांचा हक्क जुना होता.

शेवटी तराजू जुन्या घराच्या भिंतीतल्या कोनाड्यात गेला. दोन हात जाड मातीची भिंत, तिन्ही बाजूंनी आडोसा, ट्रेलरचा हादरा तिथवर पोचेपर्यंत दमतो. शिवाय कोनाडा डोळ्यांच्या रेषेत येतो, हेही महत्त्वाचं. काटा वरून वाकून बघितला की कमी दिसतो, खालून बघितला की जास्त. किराणा दुकानातलं गिऱ्हाईक नेहमी खालून बघतं आणि दुकानदार वरून, त्यामुळे दोघांची भांडणं प्रामाणिक असतात.

पंख्याचा प्रश्न वेगळा. मे महिन्यात दापोड्यात 'पंखा बंद करा, वजन करायचंय' असं म्हणून बघा. साडेसहा मिलिग्रॅमसाठी सहा माणसांना घाम फोडायचा म्हणजे तराजूचा बारकावा माणसांना परवडत नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी काचेचं कपाट असायचं; इथे मी पुतण्याच्याच मालातून मासे नसलेली काचेची टाकी घेतली आणि कोनाड्यात उलटी घातली.

आता तेल. दापोड्यातली निम्मी वस्ती गाड्यांवर जगते आणि इथला धर्म एकच: जे हलतं त्याला ग्रीस. तराजू बघायला येणारा प्रत्येक माणूस दोन मिनिटं दांडीचं डुलणं बघायचा आणि मग मायेने म्हणायचा, "जरा तेल सोडा की." एक मेकॅनिक तर ग्रीसगन घेऊनच आला होता, वाकडी वाट करून, पैसे न घेता. अशा भल्या माणसाला नाही म्हणायला फार जड जातं.

पण काट्याला तेल घालू नये. दांडी ज्यावर टेकते ती पोलादाची सुरीसारखी धार असते आणि ती धार ज्या खोबणीत बसते ती खोबण चांगल्या तराजूत अकीक दगडाची असते; खंबायतला ज्याचे मणी करतात तोच अकीक. धार आणि दगड एकमेकांना जेमतेम शिवतात, घासत नाहीत. तिथे तेलाला काही कामच नाही. तेल पडलं की धूळ येते, धूळ आली की लेप होतो, लेप झाला की दांडी जिथे थांबायची तिथे न थांबता अलीकडेच थांबते आणि समाधानी दिसते. आणि आमच्या हवेत नुसती धूळ नाही. भिवंडीच्या यंत्रमागांची रुई वाऱ्यावर असते. ती आमच्या वाळवणातल्या पापडांवर बसते, देवांवर बसते. ती तेलात अडकली की धारेला गादी मिळते. तेव्हा कोरडा मऊ कुंचला फिरवायचा, धार आणि खोबण झटकायची, आणि हात बाजूला घ्यायचे. काम झाल्यावर पारडं उतरवून ठेवायचं, धारेवर दिवसरात्र भार ठेवायचा नाही. याच्या पलीकडे देखभाल नाही. लोकांना हे पटत नाही, कारण यात खर्च नाही.

मेकॅनिकची माया मात्र वाया गेली नाही. तराजूच्या शेपटाकडे तांब्याची एक पट्टी दोन लोहचुंबकांच्या मध्ये लोंबते. दांडी डुलायला लागली की पट्टीत वीज खेळते आणि तीच तिला आवरते, म्हणून दांडी लवकर स्थिरावते. कुठे शिवायचं नाही, घासायचं नाही, नुसतं जवळ राहून आवरायचं. असा जाणता माणूस प्रत्येक ग्रामसभेत एक असायला हवा. तर त्या मेकॅनिकच्या बाहीवर लेथचा लोखंडी कीस होता. तो वाकला आणि कीस चुंबकांना जाऊन चिकटला. पट्टी अडायला लागली. चिकटपट्टी उलटी लावून एकेक कण टिपावा लागला, तेव्हा कुठे दांडी बोलायला लागली. चहाला थांबलेल्या त्या मेकॅनिकने हे सगळं बघितलं आणि म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो ना, जाम झालाय."

कोळ्याचं वेगळं सांगायला नको. तराजूची दांडी आणि पाया यांच्यामध्ये जाळं विणायला जी जागा असते तिच्याइतकी आखीव जागा कोळ्याला अख्ख्या गावात मिळत नाही. आणि त्याच्या जाळ्याचं वजन नगण्य असलं तरी ओढ नगण्य नसते.

पुतण्याला या सगळ्यातून एकच निष्कर्ष दिसला, की डिजिटल घ्यायला हवा होता. हे भांडण दापोड्यातच नाही, बारीक वजनं करणाऱ्यांत जगभर चालतं. डिजिटल काटा आकडा लगेच देतो, चकचकीत देतो आणि ठाम देतो. तो सेल उतरल्यावर चुकतो, थंड असताना चुकतो, शेजारी मोबाइल वाजला तरी बिचकतो, पण चुकतानाही त्याच्या आवाजात कंप नसतो. दांडीचं तसं नाही. तिला शंका आली की ती डुलते. बरोबर असली तरी आधी थोडी डुलून घेते. मला विचाराल तर ज्याला घाई आहे त्याने डिजिटल घ्यावा आणि ज्याला खात्री हवी त्याने दांडी. दोन्ही हवं असेल त्याने दोन्ही घेऊन एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी. एकच वजन पुन्हा पुन्हा ठेवून बघायचं, दरवेळी तोच आकडा आला पाहिजे, आणि एक कागदाचा कपटा टाकला तर दांडीने दखल घेतली पाहिजे. तराजू घेताना बघायचं ते हे. लोक बघतात रंग आणि तो किती किलोपर्यंत जातो ते. मिलिग्रॅम तोलायचे असले तरी 'असू दे, पुढेमागे लागेल' म्हणून मोठा घेतात. मोठ्या तराजूला लहान वजन दिसत नाही, हे आपल्याला कळतं फक्त सरकारी कचेरीत.

किराणावाल्याच्या जुन्या तराजूचंही मी पुतण्याला एक गणित घातलं. दांडीचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब असला की पारडी रिकामी असताना पासंग बांधून ती समतोल दाखवता येतात, पण माल टाकला की खोटं वजन. आता समजा एका हाताचा दुसऱ्याशी दहाला अकरा असा हिशेब आहे आणि दुकानदार देवभोळा आहे. तो म्हणतो, दोन किलो साखरेतली एक किलो या पारड्यात तोलतो, एक त्या पारड्यात, म्हणजे फिट्टंफाट. एकदा गिऱ्हाइकाला १.१ किलो जाते, एकदा ०.९०९ किलो. बेरीज २.००९. प्रत्येक दोन किलोंमागे नऊ ग्रॅम दुकानदार हरतो, आणि हात कितीही वाकडे असले तरी हरतोच, जिंकू शकत नाही. प्रामाणिकपणात नुकसान असतं याचा हा गणिती पुरावा आहे. पुतण्याने तो वहीत उतरवून घेतला, बाकी काहीच घेतलं नाही.

श्रीकृष्णाच्या तुलेची गोष्ट आपण ऐकत आलो. एका पारड्यात देव, दुसऱ्यात सत्यभामेचे दागिने, दांडी हलेना. रुक्मिणीने तुळशीचं एक पान टाकलं आणि काटा मध्यावर आला. भक्तीच्या अंगाने गोष्ट गोड आहे. प्रयोगशाळेच्या अंगाने बघितलं तर त्या तराजूची धार नक्की कुठेतरी अडकलेली होती.

या सगळ्या भानगडीतून मुक्त असलेला एकच व्यापार आमच्याकडे आहे, तो म्हावऱ्याचा. कोळीण-आगरीण वाटे लावते. हा वाटा शंभराचा, हा दोनशेचा. घ्यायचा तर घे. तिथे दांडी नाही, पासंग नाही, सेल नाही. फार झालं तर 'दोन जास्त घाल गं' आणि तिने घातलेली एक. वजनमापे खात्याच्या निरीक्षकाने तिथे काय तपासायचं? तो स्वतः बोंबील घेऊन जातो.

बाकी व्यापाराला मात्र खातं सोडत नाही, आणि त्याचा एक नियम वाचून मी सुखावलो. वैध मापन शास्त्र अधिनियम २००९ चा, तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत दुकानातल्या दांडीच्या तराजूला फेरतपासणी चोवीस महिन्यांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याला बारा महिन्यांनी. म्हणजे कायद्याचाही दांडीवर दुप्पट विश्वास आहे. तोच कायदा असंही सांगतो की व्यवहारात ग्राम-किलोखेरीज दुसरं माप चालणार नाही. तेव्हा आमच्या कोनाड्यातला तराजू या भागातला सगळ्यात बारीक तोलणारा असून त्यावर छटाकभर हिंगसुद्धा विकता येत नाही. छटाक म्हणायचीही सोय नाही.

त्याला काम मिळालं ते मंडळाच्या कॅरम स्पर्धेत. कॅरमच्या नियमांत स्ट्रायकरचं वजन पंधरा ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि सोंगटी पाच ते साडेपाच ग्रॅममध्ये लागते. इतकी वर्षं कुणी तोललं नव्हतं, कारण शेजारच्या वजनकाट्यावर सगळेच स्ट्रायकर शून्य किलोचे. या वर्षी पुतण्याने जाहीर केलं की प्रत्येक स्ट्रायकर तोलूनच बोर्डावर जाईल. पंधरा ग्रॅम म्हणजे दोनशे साडेएकतीस ग्रेन; तो आकडा खडूने भिंतीवर लिहिला. पोरांचे स्ट्रायकर एकामागून एक टाकीखाली गेले आणि पास झाले. दोन-तीन काठावर होते, तेव्हा पंखा बंद करून पुन्हा घेतले. गर्दी श्वास धरून उभी राहायची. दापोड्यात एवढी शांतता मी फक्त वीज गेल्यावर ऐकली आहे.

फायनलला मंडळाचे अध्यक्ष स्वतः होते. गेली कित्येक वर्षं फायनलला तेच असतात. त्यांचा हस्तिदंती रंगाचा स्ट्रायकर पारड्यात ठेवला आणि दांडी साफ खाली गेली. वजनं सरकवत-सरकवत २३९ वर स्थिरावली.

अध्यक्षांनी भिंतीवरचा आकडा वाचला, दांडीवरचा वाचला आणि माझ्याकडे वळले. "हे ग्रेन-बिन आपल्या कायद्यात बसत नाही, असं तुम्हीच परवा चावडीवर सांगत होता. सरकारी मापात दाखवा."

मुद्दा बिनतोड होता. कागदावर गुणाकार करून दाखवला तर म्हणाले, हा तुमचा हिशेब झाला, काट्याचा नव्हे. मग पुतण्याला सुचलं. त्याने २०१९ च्या छापाचे पाच कोरे रुपये आणले, सरकारने पाडलेले, प्रत्येकी ३.०९ ग्रॅमचे, पाचांचे १५.४५. पारड्यात रुपये ठेवले, काटा मध्यावर आणला, रुपये काढून त्याच जागी स्ट्रायकर ठेवला. दांडी एकदा डुलली, विचार केल्यासारखी थांबली आणि स्ट्रायकरच्या बाजूला किंचित कलली. स्ट्रायकर पाच रुपयांहूनही जड.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी ती हात वर करून थांबवली, रुपये एकेक करून मोजले आणि माझ्या हातात परत दिले.

"मास्तर," ते म्हणाले, "पाच रुपयांवरून फायनल थांबवताय?"